प्रकल्प नोंदी: किलो एडिटर फ्रीडॉसवर, मराठीसकट

९ नोव्हेंबर २०२४, परभणी

काय करायचं ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर महिनाभराने मलाच आठवणार नाही. किलो नावाचा छोटा मुक्त एडिटर (मजकूर लिहायचा प्रोग्राम) फ्रीडॉसवर, म्हणजे डॉससारख्याच मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर न्यायचा आणि त्यात मराठी लिहिता-वाचता यायला हवी.

किलो २०१६ साली साल्वातोरे सानफिलिप्पोने लिहिला, रेडिस डेटाबेसवाला तोच. सी भाषेतली एकच फाइल, हजाराच्या आत ओळी, बीएसडी परवाना. पडदा सांभाळणारी एनकर्सेस लायब्ररीसुद्धा लागत नाही. सगळा कारभार व्हीटी१०० या जुन्या टर्मिनलच्या एस्केप कोडवर (कर्सर हलव, पडदा पूस अशा खुणा). एका बैठकीत पूर्ण वाचून होतो, म्हणून हा निवडला. विम या मोठ्या एडिटरची डॉस आवृत्ती एके काळी होती, आठव्या आवृत्तीत तिचा आधार काढून टाकला. फ्रीडॉससोबत स्वतःचा एडिट येतो, पण मला आत शिरून मोडतोड करायची आहे, आणि त्यासाठी किलोच बरा.

हे सगळं मामांसाठी. गंगाखेडला तहसीलसमोर त्यांचं टायपिंगचं दुकान होतं. नव्वदीच्या दशकात त्यांच्या मशीनमध्ये जिस्ट कार्ड होतं, डॉसमध्ये भारतीय लिप्या दाखवणारं. त्याचं मूळ काम आयआयटी कानपूरचं, कार्ड पुण्याच्या सी-डॅकचं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं संपली की संध्याकाळी मामा आजीच्या पिढीतल्या बायकांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या टाइप करत बसायचे. त्या फ्लॉपी आहेत. मशीनही आहे, पेंटियम, १६ एमबी रॅम, अजून सुरू होतं. कार्ड मात्र गेलं, त्यामुळे फाइली उघडतात पण वाचता येत नाहीत. लॅपटॉप देऊन पाहिला होता. म्हणाले, "ह्याच्या बटनाला दाबच नाही, बोटाला कळंना झालंय." ओव्यांची दुरुस्ती त्यांनाच करायची आहे आणि त्याच कीबोर्डवर.

१० नोव्हेंबर

फ्रीडॉस १.३ घेतलं. कंपायलर ओपन वॉटकॉम. लिनक्सवर बसून डॉससाठी बांधता येतं. १६ बिट, लार्ज मॉडेल (मेमरी ६४ केबीच्या तुकड्यांत, म्हणजे सेगमेंटमध्ये). ३२ बिटचा एक्स्टेंडर (ही ६४ केबीची अडचण काढणारा जोडप्रोग्राम) लावला असता तर पुढची बरीच दुखणी टळली असती, पण बायोसचे (मशीनमध्येच असलेल्या मूळ प्रोग्रामचे) इंटरप्ट, म्हणजे त्याला हाक मारायचे क्रमांक, आणि स्क्रीनची मेमरी हाताशी हवी आहे, आणि एकाच फ्लॉपीवर एकच ईएक्सई असावी ही माझी हौस.

पहिल्या कंपाइलला अपेक्षेप्रमाणे खच पडला. टर्मिनलची मांडणी बदलणारं टर्मिऑस नाही. खिडकीचा आकार विचारणारं आयऑक्टल नाही. खिडकी लहान-मोठी झाल्याचा सिग्नल नाही (डॉसमध्ये खिडकीच नाही). फाइलीतून एकेक ओळ वाचणारं गेटलाइन नाही. यातलं बहुतेक काढूनच टाकायचं होतं. स्क्रीन ८० बाय २५, विषय संपला. गेटलाइन वीस-पंचवीस ओळींत हातानेच लिहिलं.

१६ नोव्हेंबर

कळा आणि स्क्रीन.

कळा बायोसच्या इंटरप्ट १६ (हेक्स, म्हणजे सोळाच्या पायावरचा आकडा) वरून घेतोय, डॉसकडून नाही. डॉसमार्गे गेलं की कंट्रोल-एस म्हणजे थांबा आणि कंट्रोल-सी म्हणजे कार्यक्रम बंद. एडिटरला दोन्ही नको. शिवाय बायोस बाणाच्या कळीचा स्कॅन कोड सरळ हातात देतो. एस्केप, चौकोनी कंस, ए अशी तीन बाइटची माळ उलगडणारा किलोमधला भाग त्यामुळे सगळाच गेला.

स्क्रीनसाठी सोपा मार्ग होता: कॉन्फिगमध्ये नॅन्सी डॉट सिस हा ड्रायव्हर लावायचा, एस्केप कोड जसेच्या तसे चालतात. करून पाहिलं. चालतं, पण पान खाली सरकताना ओळी उतरताना दिसतात. म्हणून किलो जो बफर साठवून एकदम टर्मिनलला पाठवतो, त्याच्या शेवटी माझं फंक्शन बसवलं; ते बी८०० सेगमेंटमध्ये, म्हणजे स्क्रीनच्याच मेमरीत, थेट लिहितं. प्रत्येक घराला दोन बाइट, एक अक्षराचा, एक रंगाचा. पूर्ण पडदा ४,००० बाइटचा. आता डोळ्याला काही दिसत नाही, पान बदललेलंच दिसतं.

इंग्रजीपुरता एडिटर आज झाला म्हणायला हरकत नाही.

२३ नोव्हेंबर

विधानसभा निकालाचा दिवस. गल्लीत दुपारपासून फटाके आणि गुलाल. खिडकी लावून बसलो.

फाइल वाचणं-लिहिणं. बायनरी मोडमध्येच उघडायची. टेक्स्ट मोडमध्ये १ए (हेक्स) हा बाइट आला की फाइल संपली असं धरलं जातं, आणि जुन्या फाइलींच्या शेवटी तो असतोच. ओळीअखेरची सीआर-एलएफ जोडी वाचताना काढतो, लिहिताना परत घालतो.

खरी अडचण इंटची, म्हणजे सीमधल्या पूर्णांकाची. किलो सगळ्या ओळी जोडून एक लांब स्ट्रिंग बनवतो आणि तिची लांबी इंटमध्ये मोजतो. लिनक्सवर इंट ४ बाइटचा. इथे २ बाइटचा, म्हणजे ३२,७६७ च्या पुढे बेरीज उणे होते. ३२ केबीहून मोठी फाइल सेव्ह केली की ती फाइल गेलीच. जोडकाम काढून टाकलं, ओळ-ओळ लिहितो.

दुसरी मर्यादा ओळींच्या यादीची. प्रत्येक ओळीची नोंद माझ्या मॉडेलमध्ये २० बाइटची: तीन इंट, तीन फार पॉइंटर (४ बाइटचे पत्ते), आणखी एक इंट. यादी एकाच ६४ केबीच्या सेगमेंटमध्ये मावली पाहिजे, म्हणजे ३,२७६ ओळींवर थांबावं लागतं. मामांच्या फाइली त्याच्या खूप आत आहेत. यादीचे तुकडे करण्याचा मोह आवरला. मर्यादा आली की एडिटर सांगतो आणि पुढे उघडत नाही.

१ डिसेंबर, गंगाखेड

परभणी-परळी गाडीने सकाळीच आलो. कापसाच्या गाड्या रस्त्यावर.

फ्लॉपींच्या प्रतिमा डीडीरेस्क्यूने काढल्या. बुरशी आलेल्या दोन-तीन अर्ध्याच वाचल्या गेल्या, बाकी चांगल्या. फाइली आयएससीआयआय या भारतीय लिप्यांच्या संकेतपद्धतीत आहेत, आयएस १३१९४, १९९१ चं मानक. खालचे १२८ ॲस्की, वरच्या भागात देवनागरी: क बी३ वर, ह डी८ वर, हलन्त ई८ वर (सगळे हेक्स). काना, वेलांटी, हलन्त प्रत्येकी एक बाइट. यूटीएफ-८ मध्ये याच प्रत्येकाला तीन लागतात. एक बाइट म्हणजे एक चिन्ह हे गृहीतक किलोमध्ये ठायी ठायी आहे, आणि आयएससीआयआयमुळे ते टिकलं. ओपन वॉटकॉमचा कॅर (एका बाइटचा प्रकार) मुळातच अनसाइन्ड, म्हणजे उणे न होणारा असतो; पीसीवरच्या जीसीसी कंपायलरवर १२७ च्या वरचे बाइट उणे होऊन जो त्रास देतात, तो इथे नाही.

फाइल उघडली तर पडद्यावर नुसत्या दुहेरी रेषांच्या चौकटी. म चा कोड सीसी. आयबीएमच्या ४३७ कोडपेजमध्ये तिथे चौकटीचा जोड आहे. र चा सीएफ, तिथेही तेच. मामांनी डोकावून पाहिलं, म्हणाले, "घराचा नकाशा काढायलास का?"

ओळीच्या सुरुवातीला ईएफ ४२ अशी जोडी सापडते. ईएफ म्हणजे पुढचा बाइट गुणधर्माचा, ४२ म्हणजे लिपी देवनागरी. ही जोडी दाखवायची नाही, पण फाइलीतून हरवायचीही नाही.

फाइली इतक्या स्वच्छ कशा, असं विचारलं. वर्डस्टार या तेव्हाच्या एडिटरमध्ये मामा कायम एन (साधा मजकूर) दाबायचे, डी कधीच नाही. डी ने डॉक्युमेंट उघडलं की जुनं वर्डस्टार शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट स्वतःसाठी वापरतं, आणि आयएससीआयआय तर त्याच बिटावर उभं. हे कारण मामांना ठाऊक नव्हतं; शिकवणाऱ्याने एन सांगितलं होतं, म्हणून एन.

८ डिसेंबर

फॉन्ट. आधी टेक्स्ट मोडमध्येच भागतं का पाहायचं. व्हीजीए या डिस्प्ले कार्डाला आपली अक्षरं देता येतात: इंटरप्ट १०, एएक्स रजिस्टरमध्ये ११०० (दोन्ही हेक्स), प्रत्येक अक्षर ८ ठिपके रुंद, १६ उंच. मूळ आकार जीएनयू युनिफॉन्टचे घेतले. त्यात जोडाक्षरं आणि अर्धी रूपं नाहीत, ती चौकटीच्या वहीत पेन्सिलीने काढली.

इम्युलेटरमध्ये शिरोरेषा अखंड. खऱ्या मॉनिटरवर प्रत्येक अक्षरानंतर तुटलेली.

कारण असं. ७२० बाय ४०० च्या टेक्स्ट मोडमध्ये व्हीजीए प्रत्येक घराला ९ ठिपके देतं, फॉन्टमध्ये असतात ८. नववा कोरा राहतो, म्हणजे इंग्रजी अक्षरं एकमेकांना चिकटत नाहीत. अपवाद सी० ते डीएफ या ३२ कोडांचा: तिथे आठवा ठिपका नवव्यावर उतरवला जातो, कारण चौकटीच्या आडव्या रेषा जोडलेल्या दिसायला हव्यात. म्हणजे रेघ जोडायची सोय यंत्रात आधीपासून आहे, फक्त ३२ जणांपुरती. देवनागरीचं भागत नाही.

उपाय घरच ८ ठिपक्यांचं करणे. सिक्वेन्सरच्या क्लॉकिंग मोड रजिस्टरचा शून्यावा बिट चढवायचा. पोर्ट ३सी४, ३सी५. रुंदी ७२० ची ६४० होते, म्हणून घड्याळही २८ वरून २५ मेगाहर्ट्झवर आणायचं, ते ३सी२ वरून. आणि आडवं पॅनिंग, जे ९ ठिपक्यांच्या मोडमध्ये ८ असतं, ते शून्य करायचं. ते तसंच ठेवलं तर पडदा बाजूला सरकतो. तिन्ही केल्यावर रेघ सलग आली. या आठवड्यातलं सगळ्यात समाधानाचं काम, आणि पुढच्या दोन आठवड्यांत ते टाकून द्यावं लागेल असं दिसतंय.

२२ डिसेंबर

टाकून दिलं. हिशेब लिहून ठेवतो.

टेक्स्ट मोडमध्ये एका घरात एकच आकार. क वर मात्रा म्हणजे के हा वेगळा आकार, कु वेगळा, कं वेगळा. ३४ व्यंजनं, त्यांचं साधं रूप आणि पहिला उकार, दुसरा उकार, ऋकार, एक मात्रा, दोन मात्रा, अनुस्वार: २३८ झाले. अजून अर्धी रूपं, स्वर, आकडे, रफार बाकी, मात्रा आणि अनुस्वार एकत्र असलेलं 'में' बाकी. व्हीजीए एका वेळी दोन फॉन्ट म्हणजे ५१२ आकार दाखवतं. त्यासाठी रंगाच्या बाइटमधला तिसरा बिट द्यावा लागतो आणि अक्षरांचे १६ रंग ८ वर येतात. रंगांचं दुःख नाही. पण इंग्रजीचे २५६ सोडले तर हातात २५६ च.

मग गरजेप्रमाणे जागा भरायच्या असं केलं: पडद्यावर जो आकार लागेल तो तेव्हाच बनवून रिकाम्या जागी टाकायचा. ओव्यांच्या साध्या पानावर सुरेख चाललं. गावांच्या आणि माणसांच्या नावांचं भरगच्च पान आलं की जागा संपतात, मग वरच्या ओळीतलं एखादं अक्षर डोळ्यांदेखत बदलतं. ज्याला ओवीतलं एकेक अक्षर तपासायचं आहे त्याच्या पुढे असा पडदा ठेवणार नाही.

निर्णय: ग्राफिक्स मोड १२ (हेक्स), ६४० बाय ४८०.

३० डिसेंबर

वेळ अमावस्या. शेतात. भज्जी, आंबील, उंडे. कामाची नोंद नाही.

५ जानेवारी २०२५

मोड १२ मध्ये एका बाइटमध्ये आडवे ८ ठिपके, ओळीला ८० बाइट. माझं घर ८ ठिपक्यांचं, म्हणजे एका घराची एक आडवी चीर म्हणजे बरोबर एक बाइट. आधी व्यंजन लिहायचं, मग मात्रेचे बिट त्यावर ऑर करायचे, म्हणजे त्यातच मिळवायचे. २३८ चा प्रश्नच राहिला नाही. ४८० भागिले १६, म्हणजे ३० ओळी. किलो दोन खालच्या पट्टीला घेतो, २८ हाती राहतात. आधीपेक्षा पाच जास्त.

किलो दर कळीला पूर्ण पडदा पुन्हा काढतो. इथे ते जड जातं. प्रत्येक ओळीत आधी काय काढलं होतं त्याची प्रत ठेवली, बदललेलीच ओळ काढतो. पान एक ओळ सरकवायला राइट मोड १: एक बाइट वाचला की चारही प्लेन (रंगांचे थर) लॅच या तात्पुरत्या साठ्यात येतात, लिहिला की चारही उतरतात. पेंटियमला हे पुरेसं आहे.

किलोची रचना इथे कामाला आली. प्रत्येक ओळीच्या दोन प्रती असतात: एक फाइलीत आहे तशी, एक दिसते तशी. मूळ लेखकाने हे टॅबसाठी केलं, एक बाइट पण दिसायला आठ घरं. मी दुसऱ्या प्रतीत घरांची यादी ठेवली: कोणता आकार, वर काय, खाली काय, मूळ बाइट कुठला. एडिटरच्या बाकी भागाला मराठीचा पत्ताच नाही.

१२ जानेवारी

चाचणीची फाइल: मराठवाड्यातले तालुके. यापेक्षा चांगली चाचणी शोधून सापडली नसती. अर्धापूर आणि धर्माबाद रफारासाठी. किनवट, शिरूर अनंतपाळ, हिंगोली पहिल्या वेलांटीसाठी. ती फाइलीत व्यंजनानंतर येते, दिसायला आधी हवी. तुळजापूर, मुखेड, लोहा, औंढा नागनाथ. छत्रपती संभाजीनगर या एका नावात त्र, वेलांटी, अनुस्वार सगळं आलं.

रफार सगळ्यात चिवट. बाइटांचा क्रम र, हलन्त, ध, काना. दिसायला रफार ध च्याही पुढे, कान्याच्या डोक्यावर. आणि कान्याला अनुस्वार असेल तर दोघांना एकाच घराच्या माथ्यावर जागा द्यायची. १६ ठिपक्यांच्या उंचीत तीन ठिपके शिरोरेषेच्या वर आहेत. अनुस्वार दोन ठिपक्यांचा केला.

शेतकऱ्याचा ऱ्य वेगळा. आयएससीआयआयमध्ये ऱ ला स्वतःचा कोड आहे, डी०. त्यानंतर हलन्त आला की रफार नाही, आडवी चंद्रकोर. हा नियम तीन ओळींत बसला.

१९ जानेवारी, गंगाखेड

कीबोर्डची मांडणी इन्स्क्रिप्ट, भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या; के वर क, एल वर त, डी वर हलन्त, शिफ्ट-जे वर ऱ. स्क्रोल लॉक दाबलं की मराठी. त्याचा बिट बायोसच्या ४०:१७ पत्त्यावर वाचता येतो आणि दिवाही लागतो, म्हणजे खाली पट्टीत वेगळं लिहायला नको.

मामा बसले आणि लगेच दोन गोष्टी निघाल्या.

एक, बॅकस्पेस. क्ष म्हणजे तीन बाइट. बाणाने पूर्ण अक्षर ओलांडावं हे बरोबरच, म्हणून बॅकस्पेसलाही पूर्ण अक्षर जात होतं. मामा: "आरं मी शेवटी जे हाणलं तेवढंच जाऊ दे की. आख्खं अक्षर कशाला खायलंय?" त्यांचं पटलं. बॅकस्पेस आता एक चिन्ह काढतो, डिलीट पूर्ण अक्षर. दोन कळा, दोन अर्थ.

दुसरी, बोटांची सवय वर्डस्टारची. त्यांचं कंट्रोल-एस म्हणजे कर्सर डावीकडे. किलोचं कंट्रोल-एस म्हणजे सेव्ह. मामा डावीकडे जायला पाहतात, फाइल सेव्ह होते. किलोच्या सगळ्या कळा बदलल्या: कंट्रोलसोबत ई, एस, डी, एक्स चार दिशा, के-एस (कंट्रोल-के, मग एस) सेव्ह, के-एक्स सेव्ह करून बाहेर, के-क्यू तसंच बाहेर, वाय ने ओळ उडते. मूळ किलो वापरणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण त्यांच्यासाठी मूळ किलो आहेच.

२ फेब्रुवारी

शोध बंद पडला होता. किलो शब्द दिसणाऱ्या प्रतीत शोधतो. माझ्या दिसणाऱ्या प्रतीत आता बाइट नाहीत, घरं आहेत. शोध मूळ बाइटांत नेला आणि तुलना करताना ईएफची जोडी वगळली. मामांनी पहिलाच शब्द शोधला तो 'जनी', म्हणजे संत जनाबाई. गंगाखेडच्या माणसाने दुसरं काय शोधावं.

ओळ उचलून दुसरीकडे टाकायची सोय किलोत नाही, ओव्यांना ती लागते. के-सी वर एक ओळ उचलणं, के-व्ही वर टाकणं केलं. अन्डू मागितलं तर नाही म्हणालो. मेमरी आहे, माझ्याकडे वेळ नाही.

१६ फेब्रुवारी

तपासलेल्या फाइली युनिकोडमध्ये काढल्या, फोनवर वाचता याव्यात म्हणून. आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या यूकॉन्व्हमध्ये आयएससीआयआयचा परिवर्तक आहे. युनिकोडची देवनागरी आयएससीआयआयवरूनच बेतलेली असली तरी क्रम सगळीकडे जुळत नाही, नुसती वजाबाकी करून भागत नाही, तक्ता लागतो. लागोपाठ दोन हलन्त (ई८ ई८) म्हणजे पाय मोडलेला दाखवा. युनिकोडमध्ये ते हलन्त आणि झेडडब्ल्यूएनजे (अक्षरं जोडू न देणारं अदृश्य चिन्ह) होतं. मामांनी काही ठिकाणी असा मुद्दाम मोडलेला पाय लिहिला आहे, तो टिकला.

मूळ लेखकाची परवान्याची नोंद फाइलीच्या डोक्यावर तशीच आहे, खाली माझे बदल. फॉन्टची फाइल वेगळी ठेवली, तिच्यासोबत युनिफॉन्टचा परवाना.

२३ फेब्रुवारी

मामांचं आता एकच टुमणं: प्रिंट. दुकानातला ९ पिनांचा डॉट मॅट्रिक्स अजून आहे.

एडिटरमध्ये हे घालणार नाही, वेगळा छोटा प्रोग्राम करतोय. आकार बनवणारा भाग तोच. प्रिंटरच्या ईएससी * या चित्र छापायच्या आज्ञेत मोड ४ दिला की इंचाला ८० ठिपके, म्हणजे ८ इंचांत बरोबर ६४०, माझ्या पडद्याइतकेच. लांबी दोन बाइटांत: १२८ आणि २. पिना ८ च वापरायच्या, म्हणून १६ उंचीची ओळ दोन फेऱ्यांत. मधलं अंतर ईएससी ३ ने २४, म्हणजे इंचाचे २४/२१६. उभे ठिपके इंचाला ७२, आडवे ८०, त्यामुळे अक्षर किंचित उंच दिसेल, चालेल.

एक ओळ छापून पाहिली. शिरोरेषा सलग आली, पण अक्षरं इतकी फिकट की खालचे उकार दिसत नाहीत. रिबन वाळली आहे. परभणीत दोन दुकानांत विचारलं, या मॉडेलची मागवावी लागेल म्हणतात. तोपर्यंत ओळींचे दोन भाग नीट जुळतात का ते कार्बन पेपर लावून तपासतो.